लोसाकोनंतरची जागा

लेओपोल्डव्हिल, ११ मार्च १९६२

लोसाको, बाबा.

. . . . . . . . . . . .

वर तुमच्या उत्तरासाठी ओळ मोकळी सोडली आहे. भरून पाठवलीत तर माझं नशीब. नाही भरलीत तर नाही.

तुमचा निरोप पोहोचला. लोकुलीनं बोट धक्क्याला लागल्या लागल्या, माझ्या मासळीच्या टोपल्याही उतरवायच्या आत, सगळ्यांदेखत ओरडून सांगितला. त्या माणसाला हळू बोलताच येत नाही, इंजिनाशेजारी जन्म गेला त्याचा. "एकिला, तुझा बाप म्हणतो, मी अजून मेलेलो नाही! माझ्या वतीनं उत्तर द्यायला मी पोराला नेमलेलं नाही! माझं वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं तर कोकिलाव्हिलच्या अंगणात त्यानं पाऊल टाकायचं नाही!" मग आवाज अजून चढवून म्हणाला, "आणि मला पोरगा नाही, असंही म्हणाले!" मासळीबाजारातल्या बाया आठ दिवस मला त्याच वाक्यानं हाका मारत होत्या.

बाबा, चूक झाली. लोसाको म्हणजे काय हे मला शिकवायला नको. धाकट्यानं मान खाली घालून 'लोसाको' म्हणायचं आणि थोरानं आपलं स्वतःचं, जन्मभर जपलेलं वाक्य द्यायचं. ज्याचं वाक्य त्याच्याच तोंडी. लहानपणी मी एकदा शेजारच्या म्हाताऱ्याचं वाक्य त्याची नक्कल करत म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही मला दिवसभर उपाशी ठेवलं होतंत. विसरले नाही मी. आणि तुम्ही तर मिशनमधले धर्मशिक्षक, चर्चच्या गायकमंडळींचे गुरू. तुमचं वाक्य बारमध्ये बियरच्या बाटल्यांवर वाजायला लागलं, तुम्ही चर्चमध्ये मासला जाताना पोरं मागून तेच ओरडायला लागली, हे मला कळतं. मी रागावलेच असते.

पण घडलं कसं ते ऐकून तरी घ्या. कोस्तास म्हणून एक ग्रीक आहे. पुढं त्याचं कापडाचं दुकान, मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. भिंतींना गवताच्या चटया ठोकलेल्या, छताला एकच मायक्रोफोन टांगलेला, आणि जमिनीवर खडूनं खुणा केलेल्या, की गाणाऱ्यानं इथं उभं राहायचं, सॅक्सोफोनवाल्यानं दाराशी, ढोलवाला तर जवळजवळ परसातच. सगळ्यांनी एकदम वाजवायचं. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या बोकुंगूचं, तुमच्या पोराचं, पहिलंच गाणं होतं. गाणं छान झालं. मग शेवटचा सेबेने आला, म्हणजे शब्द संपतात, गिटार मोकाट सुटते आणि गाणारा मध्ये मध्ये नावं पुकारतो, तो भाग. बाकीचे गायक बारमालकाचं, दोस्ताचं, एखाद्या कापडवाल्याचं नाव पुकारतात. आमच्या बोकुंगूला एक नाव आठवेना! फीत फिरतेय, कोस्तास काचेमागून हात हलवतोय. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "लोसाको, बाबा." आता उत्तर द्यायला तिथं कोण होतं? तर त्याच्याच तोंडून, बाबा, अगदी तुमच्या आवाजात, तुम्ही शेवटी थोडं खाली उतरता तसं उतरून आलं, "होडी पाण्यात आहे."

मी कोपऱ्यात बसले होते. घाईघाईनं डोक्यावरचा फडका सारखा केला. मला वाटलं तुम्हीच आलात.

त्यानं तुमची टिंगल केली नाही. भीती वाटली तेव्हा त्यानं तुम्हाला बोलावलं. एवढंच सांगायचं होतं.

तुमची,
एकिला


लेओपोल्डव्हिल, २६ ऑगस्ट १९६२

लोसाको, बाबा.

. . . . . . . . . . . .

लोकुली म्हणतो, पत्र तुम्ही हातात घेतलंत, शर्टाच्या खिशात ठेवलंत आणि पावसापाण्याचं विचारलंत. ठीक आहे. फाडलं तर नाहीत.

तुमचा निरोप मी बोकुंगूला सांगितला तेव्हा तो माझ्याकडे जेवत होता. कसाव्याच्या पानांची भाजी आणि खारी मासळी, त्याच्या आवडीची. घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." ताट सरकवून निघून गेला. मला वाटलं, आता हा लोसाकोचं नाव काढणार नाही.

जूनमध्ये कोस्तासकडे दुसरं रेकॉर्डिंग झालं. सेबेने आला. म्वांबानं गिटार सोडली. म्वांबा म्हणजे कासाईकडचा तो लांबोडका गिटारवाला, मला ताई म्हणतो आणि माझ्याकडच्या मासळीवर डोळा ठेवतो. बोकुंगू मायक्रोफोनखाली सरकला आणि म्हणाला, "लोसाको, बाबा." आणि गप्प.

गप्प म्हणजे गप्पच. म्वांबाला काय करावं कळेना, तो बिचारा दोन तारांवर तेच तेच हळू वाजवत राहिला. मग बोकुंगूनं पुढचं गायला घेतलं.

कोस्तास धावत बाहेर आला. "काय झालं? विसरलास?"

"नाही."

"मग गा की!"

"उत्तर माझं नाही," बोकुंगू म्हणाला. "ज्यांचं आहे ते देतील तेव्हा देतील."

"अरे देवा! अरे, मी लोकांना रिकामी जागा विकू का? रेकॉर्ड खराब आहे म्हणून परत आणून आदळतील माझ्या डोक्यावर!"

आणि आणल्याच, बाबा, पुढं! एक बाई तर दुकानात तावातावानं भांडत होती, की या माणसाचा आवाज मध्येच गळालाय, मला गळलेला तुकडा द्या. म्वांबा पोट धरून हसला. बोकुंगू हसला नाही. पण ती जागा त्यानं काढलीही नाही. आडमुठेपणा कुणाकडून आला हे मी लिहीत नाही.

एकिला


लेओपोल्डव्हिल, १७ जानेवारी १९६५

लोसाको, बाबा.

. . . . . . . . . . . .

बंडामुळं बंद पडलेल्या बोटी पुन्हा सुरू झाल्या. इतके महिने नदीच्या वरच्या अंगाची एक बातमी नव्हती, कोण जिवंत, कोण रानात पळालं, काही कळत नव्हतं. रोज धक्क्यावर जाऊन नुसतं पाण्याकडे बघायचे. काल लोकुली दिसला आणि लांबूनच ओरडला, "आहे तुझा बाप! ठणठणीत आहे! हार्मोनियम बडवतोय!" मी तिथंच टोपलीवर बसले आणि रडले. आता तुमच्यावर रागावायला मोकळी झाले.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. मी बारमध्ये जाते. होय. दर रविवारी, मास झाल्यावर, भर उजेडात, चांगली नवी लुंगी नेसून, आणि लिंबाचं सरबत पिते. पाद्रीबाबांना सांगायचं तर सांगा. माझा भाऊ गातो तिथं मी जाते.

आता त्याला कोणी बोकुंगू म्हणत नाही. एबाले म्हणतात, म्हणजे आपली नदी. त्याच्या रेकॉर्ड निघतात आणि आठवडाभरात संपतात. पण मला लिहायचंय ते वेगळंच.

मामा पेंगे ही बारची मालकीण, तिच्या अंगणात मागच्या पावसाळ्याआधी एक रविवार झाला. आंब्याखाली टेबलं, पोरीबाळी, शिंपी, सुतार, कारकून, सगळे नाचतायत. बोकुंगू समोर उभा. सेबेने आला. त्यानं म्हटलं, "लोसाको, बाबा." आणि नेहमीसारखा गप्प झाला. म्वांबाच्या दोन तारा हळू वाजतायत. तेवढ्यात कोपऱ्यातून एक माणूस ओरडला, "न्गालामुलुमे!" कासाईकडचा सुतार होता. मारामाऱ्या झाल्या तेव्हा तिकडून एकटाच पळून आलेला. बाप मागं राहिला, त्याची खबर नाही. त्यानं बापाचं नाव पुकारलं आणि स्वतःच दचकला. सगळे बघायला लागले. मग मामा पेंगे, एवढी धिप्पाड, कडक बाई, गल्ल्यामागं उभी राहिली आणि तिनं तिच्या बापाचं नाव घेतलं. पुढच्या गाण्याला पाच-सहा जण होते. त्याच्या पुढच्या रविवारी, बाबा, अख्खं अंगण होतं!

या लोकांत लोसाको कुठं आहे? कासाईच्या बालुबांना माहीत नाही, इथल्या बाकोंगोंना माहीत नाही, ते तर त्याला गाण्यातला शब्द समजतात. तरी ती जागा आली की हातातली बाटली खाली ठेवतात. नाचणारे थांबतात. आणि प्रत्येक जण आपल्या बापाचं नाव वर आभाळात फेकतो. मेलेल्यांची, हरवलेल्यांची, भांडून सोडून आलेल्यांची. शेकडो नावं एकदम! त्या गोंगाटात एकही नाव ऐकू येत नाही आणि तरी ज्याला त्याला आपलं ऐकू येतं. मी तोंडाला फडका लावून उभी राहते. दर वेळी अंगावर काटा येतो, बाबा. माझ्या नाकाचा शेंबूड पुसलेल्या पोरानं हे केलं. काही न गाता केलं.

आणि एक. रस्त्यातल्या सैनिकांनी बँडची गाडी अडवली, ढोल खाली काढले, गिटार काढली. काळा चष्मा लावलेला सार्जंट म्हणाला, "एबाले आहेस ना? मग गा बघू." रस्त्यात धुळीत उभं राहून गायला तो. जागा आली. सैनिक बंदुका धरून उभे. सार्जंटनं मान फिरवली आणि अगदी हळू, कोणाला कळू नये असं, काहीतरी नाव घेतलं. मग म्हणाला, "जा. ढोल नीट बांधा, पडतील." म्वांबा हे सांगताना अजून चाचरतो.

या सगळ्या गावात त्या जागेत नाव न घेणारा एकच माणूस आहे. तो समोर उभा राहून डोळे मिटतो आणि थांबतो.

एकिला


किन्शासा, ५ नोव्हेंबर १९६७

लोसाको, बाबा.

. . . . . . . . . . . .

आमच्या गावाचं नाव बदललं, तुमच्याही गावाचं बदललं. पाकिटावर म्बांडाका लिहिताना हात अडखळतो. तुम्ही मात्र बदलू नका हं, लोकांना ओळखू येणार नाही.

बोकुंगूच्या रेकॉर्डच्या चकत्या आता लहान झाल्यात, एका बाजूला अर्धंच गाणं मावतं. ऐन सेबेनेच्या वेळी उलटावी लागते. रेडिओवर नदीपलीकडचे लोकही ऐकतात. परवा सेनेगल का कुठून एक माणूस आला होता, त्याला आपल्या भाषेतला एक शब्द कळत नाही. पण म्हणाला, आमच्याकडे त्या जागेत लोक आपापल्या बापांची नावं घेतात. मी त्याला जेवायला घातलं. दुसरं काय करणार?

शेजारच्या गल्लीत एक म्हातारा गेला. त्याच्या मातंगाला, म्हणजे सुतकाच्या बैठकीला, तिसऱ्या दिवशी, विधवेनं सगळ्या रडणाऱ्या बायांना गप्प केलं आणि बोकुंगूची रेकॉर्ड लावायला सांगितली. जागा आली. सगळ्यांना वाटलं ही नवऱ्याचं नाव घेणार. तिनं नवऱ्याच्या आवाजात, त्याच्याच ढंगात, तो रोज तिला जी हाक मारायचा ती मारली. "अगं ए, चहा कुठाय?" लोक रडता रडता हसायला लागले. तीही हसली. बोकुंगूला मी हे सांगितलं. म्हणाला, "ताई, मी ती जागा एका माणसासाठी ठेवली होती. आता ती माझी राहिलीच नाही."

मी म्हटलं, "रुसू नकोस. तो एक माणूस आला तर बाकीचे सरकून बसतील."

बाबा, तुम्ही त्याचा आवाज आता ऐकायला हवा. तुम्ही त्याला नदीत छातीएवढ्या पाण्यात उभं करून सूर धरायला लावायचात. मी काठावर धुणं धूत बघायचे आणि मनात म्हणायचे, पोराला मारून टाकतील हे. तुम्ही दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवायचात आणि म्हणायचात, "पाणी दाबतंय ना? दाबू दे. तू त्याच्यावर तरंग." आता तो तसाच गातो. ढोल, सॅक्सोफोन, चारशे माणसं, सगळं छातीवर दाबत असतं आणि आवाज आपला वर तरंगत जातो. लोक मला विचारतात, कुठं शिकला? मी सांगते, मिशनच्या घाटावर, माझ्या बापाकडे. छाती फुगते माझी. तुम्हाला आवडो न आवडो.

आता तुमचं पितळ उघडं पाडते. लोकुलीनं सांगितलं. बोट तुमच्या धक्क्याला होती, डेकवर कोणाची तरी रेकॉर्ड वाजत होती, आणि तुम्ही पिंपं मोजून घ्यायला उभे होतात. जागा आली. डेकवरचे लोक ओरडायला लागले. आणि तुम्ही, बाबा, टोपी काढलीत! लोकुलीला वाटलं डोकं खाजवायला. पण जागा संपेपर्यंत टोपी हातातच होती म्हणे.

मी काही म्हणत नाही. उकाड्यानं काढली असेल.

एकिला


किन्शासा, ७ फेब्रुवारी १९७१

लोसाको, बाबा.

. . . . . . . . . . . .

इकडे सगळं ठीक. मासळीला भाव बरा आहे. बोकुंगूचा घसा जरा बसलाय. आलं, मध आणि कोमट पाणी चालू आहे. गवयांची नाटकं असतात. डॉक्टरकडे जाऊन आला, काळजीचं काही नाही.

लोकुलीबरोबर तुमच्यासाठी स्वेटर पाठवलाय. घालत नसाल तर हार्मोनियमला घाला.

एकिला


किन्शासा, १९ एप्रिल १९७१

लोसाको, बाबा.

. . . . . . . . . . . .

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. बोकुंगूच्या गळ्यात गाठ आहे. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, कापावी लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. बोलणंसुद्धा जाईल, राहिलं तर नुसतं कुजबुजण्याइतकं.

तो घरी आला आणि दारात उभं राहून म्हणाला, "ताई, अजून एक गाणं होईल." मी भांडी आपटली, शिव्या दिल्या, म्वांबाला बोलावून त्याच्याकडून समजावलं. ऐकत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी कोस्तासकडे रेकॉर्डिंग ठरलंय आणि सोमवारी ऑपरेशन. रोज सकाळी परसात उभा राहून एक सूर धरून बघतो. अर्ध्यात तुटतो. बाबा, ते ऐकवत नाही. मी चुलीत उगाच लाकडं सारते.

काल मी विचारलं, "सेबेनेत काय करणार आहेस?" म्हणाला, "जे नेहमी करतो ते."

"म्हणजे याही वेळी थांबणार?"

"मग काय?"

मी तुम्हाला पत्रं लिहिते हे त्याला माहीत नाही. लोकुलीच्या तोंडाला मी सुक्या मासळीनं कुलूप घातलंय. तेव्हा हे तो मागत नाही, मी मागते. नऊ वर्षं झाली, मी तुमची मनधरणी करते, टोमणे मारते, हसवायला बघते. आज हे काही करत नाही. बाबा, आता त्याच्याकडे एकच लोसाको उरलाय. त्यानंतर त्याला तो म्हणता येणार नाही, तुम्ही कितीही ऐकायचं ठरवलंत तरी. तुम्हाला त्याचा बाप व्हायचं असेल तर या. नसेल व्हायचं तर मला तसं कळवा, मी पत्रं बंद करते. मग मीही मोठ्यानं सांगेन, की मला बाप नाही.

एकिला


किन्शासा, १ ऑगस्ट १९७१

बाबा,

आज वर लोसाको लिहिला नाही आणि ओळही सोडली नाही. का ते शेवटी कळेल.

तुम्ही असे आलात आणि असे गेलात, की मला अजून कधी कधी वाटतं स्वप्न पडलं. खांद्यावर मासळीची टोपली, अंगात तो स्वेटर, आणि दुकानाच्या दारात कोस्तास तुम्हाला म्हणतोय, "म्हातारबाबा, आज मासळी नको, आत काम चालू आहे!" तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत म्हणे, जसं मासमध्ये खोकणाऱ्याकडे बघता. तो बाजूला झाला. अजून सांगतो, "माझ्या दुकानात मला कोणी असं बघितलं नव्हतं."

आत आम्हाला पत्ता नाही. बोकुंगू दाराकडे पाठ करून खडूच्या खुणेवर उभा. गाणं कसंबसं निभावत आणलं होतं त्यानं. दोनदा सूर तुटला, दोनदा पहिल्यापासून सुरुवात झाली. तिसऱ्यांदा, बाबा, मला नाही माहीत काय झालं. फाटक्या गळ्यातून असा आवाज आला, की ढोलवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चालू होते. इतकी वर्षं ऐकते मी त्याला, असं कधी ऐकलं नव्हतं. सेबेने आला. तो म्हणाला, "लोसाको, बाबा." डोळे मिटले. म्वांबाच्या दोन तारा.

आणि दारातून तुम्ही बोललात. चर्चच्या पार शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो त्या आवाजात.

"होडी पाण्यात आहे."

आणि मग, "वल्हं घे."

म्वांबाची बोटं थांबता थांबता राहिली. मी तोंडात फडका कोंबला, आवाज जायला नको म्हणून. आणि बोकुंगू वळला नाही. वळला असता तर मायक्रोफोन सुटला असता, गाणं मोडलं असतं, आणि चौथ्यांदा गायला गळा उरला नव्हता. तुम्हीच शिकवलेलं त्याला, सूर धरला की मागं बघायचं नाही. पाठ तेवढी हलत होती. शेवटपर्यंत गायला तो.

नंतर तुम्ही जवळ जाऊन त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवलीत आणि म्हणालात, "गा." त्यानं एक सूर धरला, लहानसा. तुम्ही तो संपेपर्यंत बोटं काढली नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, एकिला मासळी बघतेय. मी तुम्हा दोघांना बघत होते. मग "मी उत्तर द्यायला आलो होतो, जेवायला नाही" असं म्हणून टोपली माझ्यापाशीच सोडून धक्क्याकडे निघालातही. मी मागं धावले, तर म्हणालात, "त्याच्यासमोर रडू येऊ नये म्हणून जातोय, कळत कसं नाही तुला?" बरं, तुम्ही गेल्यावर काय झालं ते सांगते.

कोस्तास म्हणाला, आता तो आवाज कापायचा कसा? बोकुंगूनं नुसती मान हलवली. कापायचा नाही. रेकॉर्ड तशीच निघाली. ऑपरेशन झालं. माणूस वाचला. आवाज गेला. गळ्याला पांढरा फडका बांधून परसात बसतो, खुणा करतो, चिठ्ठ्या लिहितो, अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे.

पहिल्या रविवारी मामा पेंगेच्या अंगणात रेकॉर्ड लावली. लोकांना काय ठाऊक? जागा आली तशा सगळ्यांनी बाटल्या खाली ठेवल्या, छातीत श्वास भरून घेतला, आपापल्या बापाला हाक मारायला. आणि तिथं कोणीतरी होतं! म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. बाबा, सगळ्यांनी तो श्वास तसाच धरून ठेवला. एकही नाव बाहेर आलं नाही. गिटार पुन्हा सुटली तरी कोणी नाचलं नाही. मग तो कासाईचा सुतार, आता केस पिकलेत त्याचे, मोठ्यानं म्हणाला, "आले. त्याचे आले." आणि अख्खं अंगण उठून ओरडायला लागलं, टेबलं बडवायला लागलं, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. जणू सगळ्यांचेच आले. सतरा वेळा लावली ती रेकॉर्ड, मामा पेंगेची सुई झिजली.

बँडमध्ये बोकुंगूच्या जागी माटोंडो म्हणून नवा पोरगेला गायक आलाय. टोकदार बूट, काळा चष्मा, कोणाला नमस्कार करेल तर शपथ. तो बाकोंगो, लोसाको त्याच्या घरात कधी म्हटलेला नाही. गेल्या रविवारी सगळा बँड घरी आला होता. हा दारातून आत आला, चष्मा काढला, बोकुंगूसमोर मान खाली घालून म्हणाला, "लोसाको, पापा एबाले."

मला वाटलं, मेल्याला अक्कल नाही, ज्याला बोलता येत नाही त्याला उत्तर विचारतो. पण माटोंडो मान वर करेना. थांबून राहिला. बोकुंगूनं माझ्याकडे बघितलं. मग गळ्यावर स्वतःची दोन बोटं ठेवली, आणि कोरड्या पानावरून कोणी चालावं एवढाच आवाज आला. "होडी पाण्यात आहे."

माटोंडोनं चष्मा परत लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्वांबा तर परसातच पळाला.

काल लोकुली आला. धक्क्यावरूनच ओरडला, नेहमीसारखा. म्हणाला, हल्ली तुम्हाला कोणी लोसाको म्हटलं की तुम्ही उत्तर देत नाही. म्हणता, "वाक्य माझ्याकडे नाही आता. किन्शासाला माझा मुलगा आहे, त्याच्याकडे दिलंय." माझा मुलगा म्हणालात ना, बाबा? मी लोकुलीला तीनदा वदवून घेतलं. चौथ्यांदा धक्क्यावरच्या बायांनीच ओरडून सांगितलं.

म्हणून वर लोसाको लिहिला नाही. ज्यानं म्हणायचा तो स्वतः येतोय. पुढच्या बोटीनं निघतो आहोत, दोघं. मिशनच्या घाटावर उतरू. मी मासळीवाल्यांशी भाव करत मागं राहीन, मुद्दाम. तो एकटा पुढं येईल. त्याला आता मोठ्यानं लोसाको म्हणता येणार नाही आणि तुम्हाला तर हल्ली ऐकूही कमी येतं, लोकुली म्हणतो. तेव्हा अंगणाच्या फाटकाशी कोणी माणूस मान खाली घालून, काही न बोलता उभा दिसला, तर मासळीवाला समजून हाकलू नका.

घाईही करू नका. हार्मोनियम बंद करा, टोपी घाला, सावकाश या. थांबायची त्याला सवय आहे.

तुमची,
एकिला